चीजशिवाय इटली

पार्मिजानो रेज्जानो या चीजमध्ये तीनच गोष्टी असतात: गाईचे दूध, मीठ आणि दूध गोठवणारे रेनेट. हे रेनेट दूधपित्या वासराच्या जठरातून काढलेले असते आणि पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना या पट्ट्यातल्या कोणाही उत्पादकाला त्याऐवजी दुसरे काही वापरण्याची मुभा नाही, कारण ज्या नियमावलीमुळे या चीजचे नाव संरक्षित झाले आहे, तिच्यातच तसे लिहिलेले आहे. पेकोरिनो रोमानोसाठी कोकराचे रेनेट लागते. ग्राना पादानोमध्ये वासराच्या रेनेटबरोबर पुष्कळदा अंड्याच्या पांढऱ्या भागातून काढलेले लायसोझाइमही असते आणि ते वेष्टनावर छापावे लागते. रेनेट छापण्याचे बंधन मात्र युरोपात नाही. परदेशात राहणारी आपली पुष्कळ शाकाहारी मंडळी वर चीज किसलेला जो पास्ता निर्धास्तपणे खातात, त्यात वासराच्या जठराचा अंश असू शकतो, हे त्यामुळे त्यांच्या गावीही नसते.

हे मी कोणाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. बाहेर गेल्यावर मी स्वतः चीज खाते. माझ्या सासूबाई मात्र माळकरी आहेत. त्या उन्हाळ्यात साताऱ्याहून आमच्याकडे म्युनिकला येतात, तेव्हा नातवंडांना पास्ता हवा असतो आणि आजीनेही आपल्याबरोबर तोच खावा असा त्यांचा हट्ट असतो. "हे घट्ट कशाने होते गं?" असे त्यांनी एकदा चीजच्या तुकड्याकडे बघत विचारले आणि मी जे आहे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत, त्यांनी ताटही सरकवले नाही. "मग मला तेवढे नको वाढूस, बाकीचे सगळे चालेल," एवढेच म्हणाल्या. त्या बाकीच्या सगळ्यात केवढी मोठी इटली सामावलेली आहे, हे मला त्यानंतर स्वयंपाक करता करता समजत गेले आणि आज माझे ठाम मत असे आहे की चीज हा इटालियन घरगुती स्वयंपाकाचा अलंकार आहे. त्याचा पाया डाळी-कडधान्ये, पालेभाज्या, कठीण गहू आणि ऑलिव्हचे तेल यांचाच आहे.

या प्रयोगांसाठी म्युनिकइतके सोयीचे शहर इटलीबाहेर क्वचितच असेल. येथील लोक आपल्या शहराला कौतुकाने इटलीचे सर्वांत उत्तरेकडचे शहर म्हणतात. आल्प्समधली ब्रेनर खिंड ओलांडून काही तासांत माणूस इटलीत पोहोचतो आणि भाजीपालाही त्याच वाटेने उलट दिशेने येत असतो. पश्चिम जर्मनीने २० डिसेंबर १९५५ रोजी इटलीशी कामगारभरतीचा करार केला आणि त्यानंतर दक्षिणेकडून आलेल्या गाड्यांमधून हजारो इटालियन कामगार म्युनिकच्या मुख्य स्थानकाच्या ११ क्रमांकाच्या फलाटावर उतरले. त्यांच्यामागून त्यांची दुकाने आली, त्यांचे तेल आले, त्यांच्या भाज्या आल्या. झेंडलिंग भागातल्या घाऊक बाजारात इटलीचा माल उतरतो, त्यामुळे हिवाळ्यात राडिक्कियो ही लालसर, कडसर पानांची भाजी, काळसर पानांची तोस्कानी कोबी आणि चीमे दि रापा ही मोहरीच्या कुळातली कडसर भाजी आमच्या कोपऱ्यावरच्या इटालियन दुकानातही मिळते.

पण सामान मिळाले म्हणून प्रश्न सुटत नाही. कोणती इटली निवडायची हे ठरवावे लागते. पो नदीच्या खोऱ्यातला उत्तरेकडचा स्वयंपाक लोणी, अंडी, तांदूळ आणि चीज यांवर उभा आहे. रिसोत्तोचा शेवट चुलीवरून पातेले उतरवून त्यात गार लोणी आणि चीज घोटण्यानेच होतो, म्हणून चीजशिवाय रिसोत्तो करू नये असे मला वाटते. त्यापेक्षा आपला आसट भात आणि वर साजूक तूप शतपटीने बरे. आमच्यासारख्या घराने दक्षिणेकडे आणि समुद्रकिनाऱ्याकडे वळावे: पुलिया, सिसिली, लिगुरिया, आणि थोडे तोस्काना. तेथे ऑलिव्ह पिकतो, म्हणून लोण्याचे काम तेल करते, आणि तेथील सुका पास्ता अंड्याशिवाय होतो. सुका पास्ता कठीण गव्हाच्या रव्याचाच असावा असे इटलीने १९६७ साली कायद्यानेच ठरवून टाकले. त्यात रवा आणि पाणी यांपलीकडे काही लागत नाही.

या भागांत चीजविरहित पदार्थ एवढे का, याची कारणे त्यांच्या इतिहासातच आहेत. एक कारण गरिबी. शेतमजुराच्या घरात चीज हे विकण्याची वस्तू होती, रोज किसून उधळण्याची नव्हे. दुसरे कारण धर्माचे. कॅथलिक पंथात शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वीच्या ४० दिवसांच्या व्रतकाळात मांस वर्ज्य असे आणि जुन्या काळच्या कडक नियमांत दूध, चीज, अंडी हीसुद्धा वर्ज्य होती. वर्षातले इतके दिवस जिथे हे पाळले जाते, तिथल्या बायका कडधान्ये आणि पाल्यातून चव काढायला शिकतातच. चातुर्मास पाळणाऱ्या घराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

रोममध्ये शुक्रवारी करण्याची प्रथा असलेला पास्ता ए चेची हा असाच एक पदार्थ. चेची म्हणजे छोले, तेही आपण वापरतो तसेच पांढरे, टपोरे. ते रात्रभर भिजवायचे, रोजमेरीची एक काडी आणि तमालपत्र घालून मऊ शिजवायचे, अर्धे घोटून परत पातेल्यात टाकायचे, आणि मग त्याच सरबरीत रश्शात दितालिनीसारखा आखूड पास्ता शिजवायचा. पास्ता वेगळ्या पाण्यात उकडून घातला तर हा पदार्थ बिघडतो, कारण पास्त्यातून सुटणारी पिठूळता रश्शातच उतरायला हवी. म्युनिकचे पाणी जड आहे. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम छोल्यांच्या सालीला घट्ट धरून ठेवतात आणि छोले कितीही शिजवले तरी दाताखाली टणक लागतात. म्हणून भिजवण्याच्या पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा टाकावा, ते पाणी ओतून द्यावे आणि मग छोले कुकरला लावावेत. शेवटी कच्चे ऑलिव्ह तेल आणि भरपूर मिरपूड. सासूबाईंनी पहिला घास घेतल्याबरोबर म्हटले, "ही तर वरणफळेच की!" आणि त्यांचे बरोबर होते. डाळीच्या रसात गव्हाची फळे शिजवून एका भांड्यात अख्खे जेवण करण्याची रीत दोन्हीकडे एकाच गरजेतून आलेली आहे. फरक फोडणीचा आहे. आपण तेल कडकडीत तापवून मोहरी तडतडवतो. येथे रोजमेरी गार तेलात टाकून दोन्ही मिळून हळूहळू तापवायचे असतात, म्हणजे वास तेलात मुरतो आणि पाने जळत नाहीत. मूळ रोमन पद्धतीत यात अँचोव्ही हा खारवलेला मासा आणि लसूण असतो. मासा आम्ही घालतच नाही, आणि चातुर्मास सुरू झाला की लसूणही वगळतो. रोजमेरी एवढी दमदार असते की लसणाची उणीव मला तरी भासत नाही.

चातुर्मासाविषयी आणखी एक सांगायला हवे. इटालियन पदार्थ कांदा-लसणाशिवाय अशक्य आहेत, असे आपल्याकडे समजतात. प्रत्यक्षात तिकडच्या घरांमध्ये एकाच पदार्थात कांदा आणि लसूण दोन्ही घालण्याची पद्धत फार कमी आहे, आणि पुष्कळदा लसणाची अख्खी पाकळी तेलात परतून नंतर काढूनच टाकतात. गाजर आणि सेलेरी बारीक चिरून मंद आचेवर अर्धा तास परतली तरी पुरेसा गोडवा येतो. टोमॅटोचा साधा रस्सा तर तेल, मीठ आणि तुळशीच्या कुळातल्या बेसिलवर उत्तम होतो. (आपण ज्याचे बी फालुद्यात घालतो तो सब्जा हेच बेसिल, ही गोष्ट सासूबाईंना फार आवडली.) वांगी मात्र चातुर्मासात बाद, त्यामुळे सिसिलीची कापोनाता त्यांच्या मुक्कामात होत नाही.

चीज वगळल्यावर वरून काय घालायचे, याचे उत्तर दक्षिण इटलीने केव्हाच देऊन ठेवले आहे: पावाचा चुरा. सिसिली आणि पुलियामध्ये शिळ्या पावाचा जाडसर चुरा ऑलिव्ह तेलात खरपूस परतून पास्त्यावर पसरतात आणि त्याला गरिबाचे चीज म्हणतात. हे करायला सोपे आहे, पण निष्काळजीपणे होत नाही. येथील बेकरीत मिळणारे झेमल, म्हणजे छोटे पांढरे पाव, दोन दिवस उघडे ठेवून कडक होऊ द्यावेत आणि हाताने किंवा जाड किसणीवर मोडावेत. दुकानात मिळणारा तयार चुरा पिठासारखा बारीक असतो, तो तेल पिऊन ओला गोळा होतो. जाड बुडाच्या तव्यात तेल कोमट झाले की चुरा टाकायचा, चिमूटभर मीठ घालायचे आणि तव्यासमोरून हलायचे नाही. बराच वेळ काही होत नाही, मग रंग झपाट्याने बदलू लागतो. बदामी रंग आला की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचा, कारण तापलेल्या तव्यात तो भाजतच राहतो. पास्ता ताटात वाढल्यावर अगदी शेवटी हा चुरा घातला की प्रत्येक घासाला कुरकुरीतपणा आणि खमंगपणा मिळतो, आणि मुलांनी चीज मागणे आमच्याकडे आपोआप कमी झाले.

या सगळ्यात माझ्या सर्वाधिक जवळचा पदार्थ म्हणजे ओरेक्किएत्ते, पुलियातल्या बारी शहराचा पास्ता. जुन्या बारीतल्या एका गल्लीत बायका आजही दारासमोर टेबल मांडून तो हाताने वळतात. यासाठी सेमोला रिमाचिनाता, म्हणजे कठीण गव्हाचा रवा दुसऱ्यांदा दळून केलेले पिवळसर, किंचित कणीदार पीठ लागते. पिठाच्या साधारण निम्म्या वजनाचे कोमट पाणी घालून ते चांगले दहा मिनिटे मळायचे आणि अर्धा तास झाकून ठेवायचे. हे पीठ मैद्यासारखे ताणले जात नाही. ते दाबले की दाबलेलेच राहते, आणि हाताने आकार द्यायला तोच गुण कामी येतो. बोटाएवढ्या जाडीची वळी करून तिचे सेंटिमीटरभर तुकडे कापायचे, एकेक तुकडा बोथट सुरीने दाबत लाकडी पाटावर आपल्याकडे ओढायचा, म्हणजे तो वळून आत गुंडाळला जातो, आणि मग अंगठ्याच्या टोकावर उलटा फिरवायचा. आतली गुळगुळीत बाजू खोलगट होते आणि बाहेरची खरखरीत राहते. रस्सा त्या खरखरीत बाजूला धरून राहतो.

सासूबाई थोडा वेळ शेजारी बसून पाहत होत्या. मग त्यांनी सुरी बाजूला ठेवली, एक तुकडा उचलला आणि अंगठ्याच्या नखाने दाबून अलगद ओढला. "अगं, हे नखुले. आम्ही लग्नघरी पायलीपायलीने करत होतो." पुढचा तासभर त्या गव्हले, मालत्या, बोटवे अशा वळवटाच्या एकेका प्रकाराविषयी बोलत राहिल्या, रुखवतात काय काय मांडायचे, कोणाचा हात बारीक होता, खिरीत कोणते आधी विरघळत असे, आणि बोलता बोलता त्यांचे हात थांबले नाहीत. सुरी न वापरता केवळ अंगठ्याने ओढलेल्या त्या आकाराला दक्षिण इटलीत कावातेल्ली म्हणतात. हा पास्ता त्यांना मी शिकवला नाही, त्यांच्या हातात तो आधीपासूनच होता. आपल्याकडे शेवयांसाठी बन्सी गव्हाचा रवा पसंत करतात आणि बन्सी हा पास्त्याच्याच जातीचा कठीण गहू आहे, तेव्हा पिठाचा स्पर्शही त्यांना ओळखीचा वाटला असणार.

ओरेक्किएत्ते चीमे दि रापाबरोबर करण्याची रूढी आहे. मिठाच्या उकळत्या पाण्यात, लिटरला १० ग्रॅम मीठ या प्रमाणात, आधी भाजी सोडायची आणि काही मिनिटांनी त्याच पाण्यात पास्ता. दोन्ही एकत्र निथळून लाल मिरची टाकलेल्या तेलात परतायचे, त्यात वाटीभर पास्त्याचे पाणी घालायचे आणि वरून पावाचा चुरा. ही भाजी थंडीतली. उन्हाळ्यात आम्ही तिच्याऐवजी मुळ्याचा पाला किंवा नवलकोलाची कोवळी पाने घेतो. येथील बाजारात लोक नवलकोल उचलतात आणि पाने तोडून तेथेच टाकून देतात. भाजीवाल्याला विचारले तर तो पिशवीभर पाने आनंदाने देतो. मुळ्याच्या पाल्याचा कडवटपणा चीमे दि रापाच्या बराच जवळ जातो, आणि बारीला हे मान्य झाले नाही तरी आमच्या ताटात ते शोभते.

साताऱ्याच्या माणसाला आणखी एक पदार्थ मुद्दाम करून घालावा, तो म्हणजे तोस्कानाच्या डोंगराळ गारफान्याना भागातले फार्रोचे सूप. फार्रो म्हणजे आपला खपली गहू. टरफल दाण्याला घट्ट चिकटलेला, कांडल्याशिवाय न सुटणारा हा प्राचीन गहू जगातून जवळजवळ हद्दपार झाला, पण सातारा, सांगली, कोल्हापूरच्या शेतांत टिकला आणि गारफान्यानाच्या डोंगरात टिकला. तेथील फार्रोला १९९६ साली युरोपीय संरक्षण मिळाले. जर्मनीतही तो एमर या नावाने सेंद्रिय मालाच्या दुकानांत मिळतो. खपली आणि हरभरा ही दोन्ही पिके सुमारे १० हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तान-सीरियाच्या पट्ट्यात माणसाने पहिल्यांदा लावली. तेथून ती एका बाजूला भूमध्य समुद्राच्या काठाने गेली आणि दुसऱ्या बाजूला इराणमार्गे आपल्याकडे आली. खपलीपासूनच पुढे पास्त्याचा कठीण गहू घडला. म्हणून या पदार्थांना मी परक्यांचे अनुकरण समजत नाही. तोस्कानात खपली ठिपकेदार दाण्यांच्या बोर्लोत्ती राजम्याच्या घोटलेल्या रश्शात शिजते, आपल्याकडे गूळ आणि खोबरे घालून तिची खीर होते. दाणा तोच आहे आणि भिजवून सावकाश शिजवण्याची अटही तीच आहे.

हरभऱ्याच्या पिठाचा फारिनाता हा जेनोआचा पदार्थ दिसायला सोपा, पण ओव्हनची परीक्षा पाहणारा. हरभऱ्याचे पीठ एक भाग, पाणी तीन भाग; गुठळ्या मोडून किमान चार तास ठेवायचे आणि वर आलेला फेस झाऱ्याने काढून टाकायचा. मग मीठ आणि तेल. लोखंडी पसरट तबकात आणखी तेल ओतून त्यात हे पातळ मिश्रण अर्धा सेंटिमीटर उंचीपर्यंत सोडायचे आणि ओव्हन जितका तापेल तितका, म्हणजे घरच्या ओव्हनला २५० अंशांवर, तापवून वर सोनेरी डाग पडेपर्यंत भाजायचे. जेनोआत हे लाकडाच्या भट्टीत, कल्हईच्या रुंद तांब्याच्या तबकात करतात. आपले बेसन चणाडाळीचे असते आणि इटलीतले पीठ छोल्यांचे, म्हणून बेसन वापरले तर चव अधिक उग्र येते. ते रात्रभर भिजू दिले की उग्रपणा बराच कमी होतो. यात हळद, ओवा, मिरची घालायचा मोह आवरावा. घातली तर पोळा छान होईल, पण हरभऱ्याची आणि तेलाची जी निखळ चव या पदार्थात अपेक्षित आहे, ती मिळणार नाही. वरून फक्त मिरपूड.

ज्यांना भारतात किंवा दुसऱ्या देशात सेमोला मिळत नाही, त्यांनी बन्सी रवा आणावा, मिक्सरमध्ये थोडा थोडा फिरवून वस्त्रगाळ न करता साध्या पिठाच्या चाळणीने चाळावा आणि चाळणीवर राहिलेला पुन्हा फिरवावा. हे पीठ मळल्यावर अर्ध्याऐवजी एक तास झाकून ठेवावे, कारण घरी दळलेल्या रव्याच्या कण्या पाणी उशिरा पितात. केलेले ओरेक्किएत्ते लगेच शिजवायचे नसतील तर सुती पंचावर एकमेकांना न चिकटतील असे पसरून सावलीत वाळवावेत आणि अधूनमधून हलवावेत. उन्हात ठेवले तर तडकतात. खडखडीत वाळले की डब्यात भरावेत. ताज्यांना चार-पाच मिनिटे लागतात, वाळलेल्यांना त्याच्या दुप्पट किंवा थोडा अधिक वेळ द्यावा आणि एक दाणा चावून पाहूनच निथळावे.